रातकिड्यांची पंगत

डब्याचं झाकण बोटभर उचलायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा आणि मग म्हणायचं, "वास नाई. बरे आहेत." सकाळी चहाचं पातेलं चढवण्याआधी मावशीचं हे पहिलं काम. असं नाक घालून पाहणारी माणसं तुम्ही खरबुजाच्या ढिगाजवळ पाहिली असतील, लोणच्याच्या बरणीशी पाहिली असतील. मावशीच्या डब्यात मात्र रातकिडे असायचे. जिवंत, मिशा हलवणारे, एकमेकांच्या अंगावर चढणारे रातकिडे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात तिनंच दिलेल्या पोह्यांचा घास होता. तो मी गुपचूप परत ताटलीत ठेवला.

मावशी ब्रह्मपुरीत खानावळ चालवायची. माझं गाव पोंभुर्णा, बायकोची नोकरीही तिथंच. मी इथं ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवायला. त्यामुळे संसार शनिवार-रविवारचा आणि जेवण मावशीकडचं. पुढच्या खोलीत बाकं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागे अंगण आणि अंगणात मुनग्याचं झाड. म्हणजे तुमचा शेवगा. मावशीचा नवरा फार आधी गेला होता. मुलगी लग्न होऊन एटापल्लीला होती. जेवायला कॉलेजची पोरं, एसटीचे दोन-तीन कंडक्टर, एक विमा एजंट, त्यांना सगळे विमावाले भाऊ म्हणत, आणि मी.

कोणी दारात आलं की ती "या" म्हणत नसे, "बसा" म्हणत नसे. "जेवले का?" हाच तिचा नमस्कार. एकदा दोन कंडक्टरांची ड्युटीवरून जुंपली, बाह्या वर गेल्या. मावशी मधे आली ती भाताचं भांडं घेऊन. दोघांच्या ताटात दणादण भात वाढला आणि म्हणाली, "आधी जेवा, मंग भांडा. उपाशी मान्साचं भांडन खरं नसते." लाखोळीच्या डाळीचं वरण ओतून घेतल्यावर कोण कशाला भांडतो? पान खायला दोघं एका सायकलवर गेले.

आता इंगळीची गोष्ट. ती आली सरपणातून. भाताचं मोठं पातेलं गॅसवर मावत नसे, त्यासाठी अंगणात चूल होती. एका सकाळी मावशी लाकडं रचत असताना एक ओंडका तिच्या हातून निसटून आपटला आणि त्याखालून काळीकुळकुळीत, हाताच्या पंजाएवढी इंगळी बाहेर आली. इंगळी म्हणजे विंचवांतली थोरली. पोळ्या लाटणारी बाई चप्पल घेऊन धावली. विमावाले भाऊ बाकावर उभे राहिले. मीही राहिलो असतो, पण बाकावर जागा उरली नव्हती.

मावशीनं बाईचा हात वरच्या वर धरला. "थांब वं! लेकुरवाळी आहे."

खरंच होतं. इंगळीच्या पाठीवर पांढरी पिल्लं दाटीवाटीनं बसली होती, भाताची शितं चिकटावीत तशी. आणि तिचा एक चिमटा ओंडक्याखाली चेंगरून लोंबत होता.

साप असो की विंचू, पोटुशीला आणि लेकुरवाळीला मारायचं नाही, वाट द्यायची, हे मावशीला तिच्या आईनं शिकवलेलं. वाट दिली असतीही. पण तो लोंबणारा चिमटा पाहून ती खाली बसली. "माह्या हातानं मोडला ना," म्हणाली. मग सुपात घालून, टोपलीनं झाकून, ती इंगळीला घरात घेऊन गेली. पसरट कुंडीत माती घातली, कवेलूचा, म्हणजे कौलाचा, एक तुकडा आडवा टाकला, वर जाळी बांधली. कोणी काही म्हणायच्या आत इंगळी खानावळीची झाली होती.

दुसऱ्या दिवशी मला पाहताच मावशी काळजीनं म्हणाली, "जेवतच नाई वो मास्तर. काल ठेवलं तसंच आहे."

"काय ठेवलं होतं?"

"वरन-भात."

मी हसलो. कुंडीत खरंच बशी होती, भातावर तुपाचा थेंबसुद्धा होता. "मीठ जास्त झालं काय?" मावशीनं विचारलं. मी आणखी हसलो. ती हसली नाही. तिच्या घरात कोणीतरी उपाशी होतं, आणि तिच्या लेखी याहून मोठी भानगड नव्हती.

आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर भला माणूस. मी बोलावल्यावर सायकल काढून आले, कुंडीत डोकावले आणि समजावून सांगितलं. हिला जिवंत किडे लागतात. ही पूर्ण वाढलेली आहे, आता कात टाकणार नाही, त्यामुळे मोडलेला चिमटा परत येणार नाही. एका चिमट्यानं मोठी शिकार धरता येणार नाही, तेव्हा लहानच किडे द्यायला हवेत. आणि लवकर द्यायला हवेत, कारण फार भूक लागली तर आई पाठीवरची पिल्लंही खाते.

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "उपाशी माय लेकरं खाते?"

"खाते कधी कधी."

"खात असंल," मावशी म्हणाली, "पन माह्या घरात नाई."

त्या दिवसापासून ती रातकिड्यांच्या मागे लागली. पाण्याच्या ड्रममागून, भाताच्या तणसाच्या ढिगाखालून तिनं डबाभर रातकिडे जमवले आणि इथंच ती चुकली. मावशीची खानावळ गावात नावाजलेली होती फिनाईलसाठी. फरशी, बाकं, मोरी, सगळं दोन वेळा फिनाईलनं पुसलेलं. स्वच्छ म्हणजे फिनाईल, हे तिच्या हाडांत भिनलेलं. नवे पाहुणे राहायला येणार म्हणून तिनं तो प्लास्टिकचा डबा फिनाईलनं घासला, वाळवला आणि रातकिडे आत सोडले. सकाळी सगळे उताणे पडले होते.

मी गेलो तेव्हा ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. चूल पेटली नव्हती. "रहाले बोलावलं आन् मारून टाकलं," ती म्हणाली. "घाणीनं नाई मेले मास्तर. माह्या स्वच्छतेनं मेले." मेलेल्या किड्यांसाठी माणसानं असं बसावं हे तेव्हा मला जरा जास्तच वाटलं. आज वाटत नाही.

इंगळी अजून उपाशीच होती आणि पिल्लं तिच्या पाठीवरच होती. संध्याकाळी मावशीनं दारात उभं राहून फर्मान काढलं, "आज जो तो एक रातकिडा आनंल. मंग ताट." तुम्ही कॉलेजच्या मैदानावर त्या संध्याकाळी असता तर करमणूक झाली असती. बी.ए.ची, बी.कॉम.ची पोरं गवतात रांगत होती. एक कंडक्टर खाकी कपड्यांनिशी पालथा पडला होता. विमावाले भाऊ मात्र खिशात हात घालून उभे होते. "मी महिन्याचे पैसे देतो, किडे नाई देत," ते म्हणाले. मी खोलीवर जाऊन, डोळे अर्धे मिटून, काडेपेटीत एक प्राणी पकडून आणला. मावशीनं काडेपेटी उघडली. झुरळ होतं.

"हे नाई चालत," ती म्हणाली. "तुमच्या घरमालकानं कोनता फवारा मारला, यानं काय खाल्लं, कोनाले माहीत? याच्या पोटात जे आहे ते तिच्या पोटात जाईन. तिच्या पोटातलं लेकराइले." तरी मला ताट मिळालं. दयाबुद्धीनं.

पोरांनी आणलेला एक लहानसा रातकिडा तिनं कुंडीत सोडला. आम्ही सगळे भोवती, श्वास रोखून. इंगळी बराच वेळ हलली नाही. मग एकदम पुढे झाली आणि चांगल्या चिमट्यानं त्याला धरलं. मावशीचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता. तापातून उठलेल्या लेकरानं पेजेचा पहिला घोट घेतला की आयांचे चेहरे होतात तसा झाला होता.

"खाऊन राह्यली," ती हळूच म्हणाली. "बोलू नोका कोनी."

पिल्लं वाचली. काही दिवसांत पहिली कात टाकून ती पाठीवरून उतरली, करडी झाली, आपापली हिंडू लागली. तेव्हा सर, मावशी आणि मी त्यांना मातीच्या गाडग्यात घालून वडापच्या जीपनं जंगलाकडे निघालो. जीप खच्चून भरलेली. ड्रायव्हरनं विचारलं, "बाई, गाडग्यात काय आहे? मांडीवर काऊन धरून राह्यल्या? वर टाका ना टपावर."

"लेकरं आहेत," मावशी म्हणाली.

ड्रायव्हरला वाटलं कोंबडीची. शेजारची बाई गाडग्यावर हात ठेवून म्हणाली, "लई गप आहेत वो." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. जंगलात मावशीनं एकेक पिल्लू वाळल्या पानांखाली सोडलं. इंगळी मात्र परत घरी आली. एका चिमट्यानं जंगलात तिचा निभाव लागला नसता आणि तो चिमटा मावशीच्या ओंडक्यानं मोडला होता. ती जगेल तोवर तिला पोसायचं, हे मावशीनं कोणाला न सांगता ठरवून टाकलं होतं.

मग सुरू झाली रातकिड्यांची खरी पंगत. फिनाईलच्या जागी ऊन आलं. डबे नुसत्या गरम पाण्यानं धुवायचे आणि मुनग्याखालच्या उन्हात वाळवायचे. आत अंड्यांचे पुठ्ठे उभे, म्हणजे प्रत्येकाला आपापली खोली. खायला तांदळाचा कोंडा, गाजर, कोहळ्याची साल, मुनग्याचा पाला. पाणी वाटीत ठेवलं तर बुडून मरतात, म्हणून ओला कापूस. मुंग्या येऊ नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. बाजारातल्या सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, तिचा विश्वास नव्हता. "आपल्यासाठी धुतलं की झालं. हे इवलेसे जीव, याइले थेंबही पुरतो," म्हणायची. त्यांचा पाला तिच्या अंगणातलाच. सकाळी मेलेले वेचायचे, कालचं कोहळं उचलायचं, आणि मग तो वास. फिनाईलचा नको, साबणाचा नको, कुजल्याचा नको. "वास नाई" एवढं ऐकलं की आम्हालाही आपला दिवस बरा जाईल असं वाटे.

इंगळीला आठवड्यातून एखाद वेळा जेवण लागे. ज्या रातकिड्याची पाळी असेल त्याला आदल्या दिवशी वेगळ्या बरणीत काढून मावशी त्याचा पाहुणचार करायची. ताजं गाजर, कोवळा पाला, पोटभर. सरांचं म्हणणं, हे अगदी बरोबर आहे, किड्याच्या पोटात जे असतं तेच इंगळीला मिळतं. शिवाय उपाशी रातकिडा आत सोडला तर तोच झोपल्या इंगळीला कुरतडतो. मावशीला दोन्ही पटलं होतं, पण तिचं कारण तिसरंच होतं. मी एकदा चिडवलं, "मावशी, बुद्धापुढे मेणबत्ती लावता, प्राणिमात्राला मारणार नाही म्हणता, आणि इकडे हा कारखाना."

ती रागावली नाही. गाजर किसत राहिली. "तिले तेच खा लागते, मास्तर. तिचं पोट मी बदलू शकत नाई," ती म्हणाली. "पन माह्या घरून कोनी उपाशी जानार नाई. खानाराही नाई, जानाराही नाई." इतिहासाच्या तासाला मी पोरांना मोठमोठ्या राजांची धोरणं सांगतो. एवढं सरळ धोरण मला त्यांत सापडलेलं नाही.

मग एका वर्षी बोभाटा झाला. मावशीच्या खानावळीत किडे पाळतात, असं बाजारात कोणी म्हणालं आणि दोन दुकानं पुढे जाईपर्यंत किडे भातात निघायला लागले. बोलण्याची सुरुवात विमावाल्या भाऊंनी केली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवी पोरं येईनात, जुनी गळायला लागली. भाताचं पातेलं लहान झालं. पोळ्या लाटणाऱ्या बाईनं सांगून टाकलं, "तो इच्चू सोडा, नाई तं खानावळ सोडा." सरांनी इंगळीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवायची तयारी दाखवली. मावशी म्हणाली, "सुट्ट्या लागल्यावर तिथी कोन वाढंल?"

एका रविवारी, मटणाच्या दिवशी, ज्या दिवशी कोणी रुसून घरी बसत नाही, मावशीनं सगळ्यांना बोलावलं. विमावाले भाऊसुद्धा आले, अंग चोरून कोपऱ्यात बसले. ताटं मांडली गेली. पण वाढायच्या आधी मावशी रातकिड्यांचा डबा घेऊन आली आणि पंगतीतून फिरायला लागली. झाकण उचलायची, माणसापुढे धरायची आणि म्हणायची, "वास घ्या."

मला ठाऊक होतं, पहिला नकार आला की खानावळ संपली. आणि ती पहिली माझ्यापुढेच येऊन उभी राहिली. मी घाबरट माणूस. पालीला पाहून खोली बदललेला. पण मावशी तो डबा भरल्या ताटासारखा माझ्यापुढे धरून उभी होती. मी नाक घातलं. कोंड्याचा हलकासा, गिरणीत येतो तसा वास. बाकी काही नाही.

"वास नाही," मी म्हणालो. आवाज जरा चिरका निघाला.

मग कंडक्टर, मग पोरं. विमावाल्या भाऊंपुढे डबा गेला तेव्हा ते इकडेतिकडे पाहायला लागले. मावशी तशीच उभी. "भाऊ, माह्या भाताचा कधी वास आला तुमाले?" तिनं विचारलं. ते मान खाली घालून नाही म्हणाले. "मंग याचाही घ्या." भाऊंनी डोळे घट्ट मिटून नाक घातलं, एक रातकिडा उडून त्यांच्या मिशीवर बसला, आणि पंगत अशी हसली की रस्त्यावरची माणसं डोकावली. मावशीनं तो अलगद उचलून डब्यात ठेवला. मटण वाढताना पहिला चांगला तुकडा भाऊंच्याच ताटात पडला. भाताचं पातेलं हळूहळू पुन्हा मोठं झालं.

इंगळी बरीच वर्षं जगली. गेल्या थंडीत तिनं खाणं सोडलं. एरवीही थंडीत ती कमीच खायची, पण यावेळी उन्हं तापली तरी ती कवेलूखालून बाहेर आली नाही. एका सकाळी मावशीनं कवेलू उचललं आणि तसंच खाली ठेवलं. मुनग्याच्या मुळाशी आम्ही तिला पुरलं. मावशी रडली नाही, पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. आम्ही सगळ्यांनी ती पुसून खाल्ली.

आता रातकिड्यांचं काय, असा प्रश्न आला. एक पोरगा म्हणाला, "द्या कोंबड्याइले टाकून." मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढची पोळी मागितली नाही. अंडी घालायला डब्यात ओल्या मातीची वाटी असायची, तेवढी तिनं काढून घेतली. "नवी पंगत बसवाची नाई," म्हणाली. "पन बसलेली उठवाची नाई. ज्याच्यासाठी रांधलं तो नाई आला, म्हून काय दुसऱ्याइले ताटावरून उठवाचं?" आणि कोहळ्याची साल, ओला कापूस, सकाळचा वास, सगळं चालूच राहिलं. कोणासाठीच नाही, नुसतं त्यांच्यासाठी. डब्यातली गर्दी विरळ होत गेली.

पंगत संपायच्या आधी मावशी गेली. दुपारी जेवणं आटोपल्यावर छातीत दुखतंय म्हणाली. दवाखान्यात न्यायला जीप आली तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "याइचा कापूस बदलाचा राह्यला, मास्तर." मी बदलतो म्हणालो. गाडी निघाली. माझ्याशी बोललेलं तिचं तेच शेवटचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पोचवून परत आलो. एटापल्लीहून आलेली मुलगी तसबिरीखाली बसून होती. चूल थंड. शेजारच्यांनी वरण-भात आणला होता आणि पुढच्या खोलीत बाकांवर माणसं बसली होती, पण ताटाला हात कोणी लावत नव्हतं. रोज "जेवले का?" विचारणारं माणूस तिथं नव्हतं, आणि ते विचारल्याशिवाय त्या घरात जेवायची आम्हा कोणालाच सवय नव्हती. मला फार एकटं वाटलं. माझी आई गेली तेव्हा वाटलं होतं तसं.

तेवढ्यात कोपऱ्यातून विमावाले भाऊ उठले. आतल्या खोलीच्या दाराशी गेले, टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं आणि कोणाकडेही न पाहता, घसा खाकरून म्हणाले, "याइचं जेवन झालं का?"

भाऊंनी फळीवरचं कोहळं काढलं, विळी घेऊन बसले आणि एक फोड बारीक कापली. मी कापूस भिजवून दिला. त्यांनी झाकण बोटभर उचललं, नाक आत घातलं, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"वास नाई," ते म्हणाले. त्यांचे डोळे गळत होते. "चला, वाढा आता."

मग आम्ही जेवलो.